क्लासिस म्हणजेच प्रेस्बिटेरी का? सगळ्यांना 'समिती' म्हणून मोकळं व्हायचं का?

कृष्णाकाठ
आमच्या मंडळीतल्या (म्हणजे स्थानिक चर्चमधल्या) तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी चारपाच पानांचं मराठी टिपण करतेय, प्रेस्बिटेरियन (स्कॉटिश वळणाचं) आणि रिफॉर्म्ड (डच वळणाचं) या प्रोटेस्टंट चर्चमधे कारभार नेमकं कोण बघतं यावर. एका ज्येष्ठांनी सुचवलं की सेशन, कन्सिस्टरी, प्रेस्बिटेरी, क्लासिस हे सगळं कशाला, सरळ स्थानिक समिती, विभागीय समिती, मध्यवर्ती समिती असं लिही, पोरांना कळल्याशी मतलब. तीन दिवस विचार केला आणि मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथे मांडतेय.

वरवर बघितलं तर पायऱ्या जुळतात हे खरं. स्कॉटलंडमधे खाली किर्क सेशन म्हणजे एका मंडळीचे पाळक (पाद्री) आणि एल्डर (कारभारासाठी निवडलेली मंडळीतली माणसं), त्यावर प्रेस्बिटेरी म्हणजे एका भागातल्या मंडळ्यांची सभा, सगळ्यात वर जनरल असेंब्ली (मधे सिनॉडची पायरी होती ती चर्च ऑफ स्कॉटलंडने 1993 ला काढून टाकली). डच लोकांकडे खाली कन्सिस्टरी (मंडळीची), मग क्लासिस (भागातल्या मंडळ्यांची), मग सिनॉड (त्याहून मोठी सभा). पण पाळकाचं नाव कुठल्या वहीत आहे ते बघा. प्रेस्बिटेरियनांकडे पाळक हा प्रेस्बिटेरीचा सभासद असतो, तो ज्या मंडळीत सेवा करतो तिचा नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रार असेल तर ती प्रेस्बिटेरीपुढेच जाते. जुन्या डच पद्धतीत पाळक आपल्याच मंडळीचा सभासद, आणि क्लासिस हे कायमचं मंडळच नाही, मंडळ्या आपापले प्रतिनिधी अधिकारपत्र देऊन पाठवतात, सभा भरते, कामं होतात आणि सभा उठली की क्लासिस संपली. अध्यक्षसुद्धा त्या सभेपुरता, आणि 1618-19 च्या डॉर्ट सिनॉडच्या नियमांत तर लागोपाठ दोनदा तोच माणूस नको असंही घातलंय. त्याआधी 1571 ला जर्मनीतल्या एम्डेनच्या सिनॉडने पहिलंच कलम काय केलं, तर कुठलीही मंडळी दुसऱ्या मंडळीवर सत्ता गाजवणार नाही. छळामुळे परागंदा झालेल्या डच मंडळ्यांच्या लोकांनी परमुलखात बसून हे पहिलं लिहिलं, मला ते फार मोठं वाटतं. आता या दोन्हींना 'विभागीय समिती' म्हटलं तर हे सगळं कुठे राहिलं?

आडवाटेचा
ताई, अभ्यास चांगला आहे पण निष्कर्ष पटला नाही. दोन्हीकडे उमेदवाराची परीक्षा हीच सभा घेते, खालच्या मंडळीतलं भांडण मिटलं नाही तर इथेच येतं, मंडळीच्या भेटी इथूनच होतात. काम एक तर नाव एक ठेवायला हरकत काय.

आणि नावांवर एवढा भरवसा ठेवू नका. अमेरिकेत कन्सिस्टरी हा एकच शब्द दोन डच वंशाच्या चर्चमधे वेगळा चालतो. रिफॉर्म्ड चर्च इन अमेरिकामधे पाळक, एल्डर आणि डीकन (गरजूंची मदत बघणारे) सगळे मिळून कन्सिस्टरी, तर ख्रिश्चन रिफॉर्म्डमधे फक्त पाळक आणि एल्डर म्हणजे कन्सिस्टरी आणि डीकन धरले की त्याला कौन्सिल म्हणायचं. सख्ख्या भावंडांची ही गत. प्रेस्बिटेरियन चर्च यूएसएचं बघा, पूर्वी ज्युडिकेटरी म्हणायचे, 1983 च्या एकीकरणानंतर गव्हर्निंग बॉडी आलं, 2011 ला नवीन घटना झाली तेव्हा कौन्सिल. तीन नावं झाली, सेशन सेशनच राहिलं आणि प्रेस्बिटेरी प्रेस्बिटेरीच. मग नाव बदलून काय बदललं सांगा.

कृष्णाकाठ
@आडवाटेचा काय बदललं ते हॉलंडमधे बघा ना. 1816 ला राजा विल्यम पहिला याने चर्चवर नवे नियम लादले आणि जुन्या क्लासिसच्या जागी 'क्लासिकल बेस्तूर' बसवलं, बेस्तूर म्हणजे कारभारी मंडळ. सभा जाऊन बोर्ड आलं. शब्द एकच बदलला असं वाटेल, पण सभा उठते आणि बोर्ड कायम बसून राहतं. 1886 च्या जानेवारीत याच बोर्डाने अ‍ॅमस्टरडॅमच्या कन्सिस्टरीतले 80 जण एका फटक्यात निलंबित केले, त्यात धर्मपंडित आणि पुढारी अब्राहाम कायपर होते, आणि तिथून चर्च फुटलं. त्या बाहेर पडलेल्यांचा आग्रहच हा की आम्हाला वरचं आणि खालचं मंडळ नको, फार तर मोठी आणि लहान सभा म्हणा. आजही त्या परंपरेतले लोक क्लासिसला 'वरची' म्हटलं की लगेच दुरुस्त करतात.

पुढे 1944 ला त्या बाहेर पडलेल्यांच्याच चर्चच्या सिनॉडने कांपेनचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक क्लास स्किल्डर यांना पदावरून काढलं, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला की माणसाला पदावरून काढायचा हक्क सिनॉडला की त्याच्या स्वतःच्या मंडळीच्या कन्सिस्टरीला. डॉर्टच्या 31 व्या कलमात सभेचा निर्णय बंधनकारक धरलाय, पण तो देवाच्या वचनाविरुद्ध आहे असं सिद्ध झालं तर नाही. या वेळी बाहेर पडलेल्यांची ओळखच 'कलम 31 वाले' अशी झाली. जर्मनांचा ताबा असताना, भर युद्धात लोकांनी यासाठी आपलं चर्च सोडलं, आणि आपण 'समिती' लिहून मोकळं व्हायचं?

उत्रेख्तहून
दहा वर्षं इकडे नेदरलँडमधे आहे म्हणून लिहितो. ताई सांगतात तो इतिहास बरोबर आहे पण आजचं चित्र बघा. 2004 ला तीन चर्च एकत्र येऊन इथलं प्रोटेस्टंट चर्च झालं आणि 2018 ला त्यांनी 74 क्लासिस मोडून 11 केल्या, प्रत्येकीला एक पूर्णवेळ क्लासिस-पाळक दिला, जो मंडळ्यांना भेटी देतो आणि गरज पडली तर मधे पडतो. नाव तेच, क्लासिस, पण आतली गोष्ट एम्डेनवाल्यांना ओळखू आली नसती. म्हणजे नाव जपलं म्हणून तत्त्व जपलं जातं असं नाही. या बाबतीत मी आडवाटेचा यांच्या बाजूने.

जुनी_वही
इतक्या लांब कशाला जाता, आपल्याकडे हेच झालंय. मुंबईत आणि नागपुरात स्कॉटिश, कोल्हापूर-सांगली-मिरजेला अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नगरला कॉंग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणारे). 1924 ला प्रेस्बिटेरियन आणि कॉंग्रिगेशनल मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं तेव्हा प्रेस्बिटेरीच्या जागी 'चर्च कौन्सिल' आलं, दोघांनाही चालेल असा शब्द. मग 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, बिशप आले, डायोसिस (बिशपचे प्रांत) आले, मंडळीच्या पातळीवर पास्टोरेट कमिटी आली. तरी सिनॉडच्या प्रमुखाला म्हणतात मॉडरेटरच, आणि तो असतो बिशपांपैकी. मॉडरेटर हा मूळ प्रेस्बिटेरियन शब्द, सभा चालवणारा, बरोबरीच्यांमधला एक. आपले मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन 1870 ला फ्री चर्चच्या (स्कॉटलंडच्या चर्चमधून फुटून निघालेल्या) जनरल असेंब्लीचे मॉडरेटर झाले ते वर्षापुरते. माझे आजोबा सेशनमधे एल्डर होते, घरात 'सेशनला जाऊन येतो' असंच म्हणायचे. आज तो शब्द माझ्या मुलांना माहीत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. शब्द गेला की आपण कोणाच्या घरातून आलो तेही जातं. ताई, तुम्ही लिहा.

माहेर_कोल्हापूर
मला दोघांचंही थोडं थोडं पटतं पण एक अडचण. नुसतं 'सेशन' लिहिलंत तर वर्गातल्या अर्ध्या पोरांना सेशन कोर्ट आठवेल. (तसं प्रेस्बिटेरियन लोक आपल्या सभांना कोर्टच म्हणतात आणि त्याला कारण आहे. स्कॉटलंडमधे ऑक्टेरार्डरला सरदाराने नेमलेला पाळक लोकांना नको होता, प्रेस्बिटेरीने त्याला घ्यायचं नाकारलं तर सरकारी न्यायालय म्हणालं घ्यावाच लागेल. मंडळीच्या बाबतीत आमचंही न्यायासन आहे हाच वाद वाढत जाऊन 1843 ला चर्च फुटलं.) आणि एल्डरला सगळीकडे 'वडील' करू नका प्लीज. बायबलमधला शब्द आहे मान्य, पण स्कॉटलंडमधे 1966 पासून बायका एल्डर आहेत, आमच्या मंडळीतही एक बाई आहेत, त्यांना वडील म्हणताना सगळ्यांचीच जीभ अडखळते.

आडवाटेचा
@जुनी_वही तुमच्या आजोबांचा मुद्दा मनाला लागला, खरंच. पण मी अजूनही म्हणतो, सोळा वर्षांच्या पोराला आधी एवढंच कळू दे की आपल्याकडे एकटा माणूस निर्णय घेत नाही, निवडलेली माणसं एकत्र बसून घेतात. त्यासाठी 'सभा' पुरेसं आहे.

कृष्णाकाठ
'सभा' चालेल, मनापासून सांगते. समिती नको होती ती याचसाठी, समिती कोणीतरी वरून नेमतं, सभेला माणसं येतात. तर आता असं करतेय, 'किर्क सेशन' पूर्ण लिहायचं, एल्डरला एल्डरच, प्रेस्बिटेरी आणि क्लासिस वेगवेगळ्या पानांवर, आणि दोन्ही पानांची सुरुवात एकाच प्रश्नाने, पाळकाचं नाव कोणाच्या वहीत? उत्रेख्तवाले दादा, 2018 चा तो बदल क्लासिसच्या पानावर शेवटी घालते, तुमचं म्हणणं खोटं नाही. @जुनी_वही आजोबांच्या काळच्या सेशनची एखादी मिनिट बुक (सभांच्या नोंदींची वही) घरात असेल तर दोन पानांचा फोटो पाठवाल का, वर्गात दाखवायचाय.

जुनी_वही
आहे एक, मोडीमिश्रित मराठीत. रविवारी काढतो.