कोरियात प्रेम, भेटीगाठी, लग्न: तुमचे अनुभव

पारिजात (सोल)
मालिकांमधलं कोरियन प्रेम सगळ्यांनी बघून झालंय. प्रत्यक्षात तिथे कोणाबरोबर फिरलात, लग्न केलंत किंवा नुसतं जवळून पाहिलंत, तर लिहा. नावं गाळून. सुरुवात मी करते.

ऑफिसातल्या मैत्रिणीने माझं ‘सोगेटिंग’ लावलं. ओळखीतल्या माणसाने दोघांना एकमेकांचा नंबर द्यायचा, पुढचं त्यांनी बघायचं. कांदेपोहेच, आईवडील वजा. जेवणाचे पैसे त्याने दिले तर नंतरच्या कॉफीचे तू दे, हे मैत्रिणीने आधीच बजावलं होतं. वय लगेच विचारलं गेलं. राग मानू नका, कोण मोठं ते कळल्याशिवाय बोलायचं कसं हेच त्यांना ठरवता येत नाही. मग एमबीटीआय या स्वभावचाचणीची चार अक्षरं. ती मला ठाऊक नव्हती, तर त्याने तिथेच चाचणी द्यायला लावली!

डेजॉनचा पक्या
इथे ‘आपलं काहीतरी चाललंय’ असं मोघम फार दिवस चालत नाही. कोणीतरी सरळ विचारतं, समोरचा हो म्हणतो, तो पहिला दिवस. तिथून मोजणी, शंभराव्या दिवशी भेटवस्तू, अंगठ्या. फेब्रुवारीच्या १४ ला मुली चॉकलेट देतात, मार्चच्या १४ ला मुलं परतफेड करतात, आणि ज्यांना दोन्हीकडून काही नाही ते १४ एप्रिलला काळ्या सॉसचे जाजांगम्यॉन नूडल्स खातात. प्रयोगशाळेतले आम्ही सगळे जातो. नूडल्स उत्तम असतात.

बुसानची सूनबाई
मुलगा मुलीला घरी नेतो ते बहुधा लग्नाचं ठरल्यावरच. लग्नापर्यंत बरेच जण आईवडिलांकडेच राहतात, त्यामुळे आमचं सगळं कॅफेत, नाहीतर ग्वांगअल्लीच्या समुद्रकाठी.

नवरा गिम्हेच्या किम घराण्यातला. मूळपुरुष राजा सुरो. त्याची राणी इ.स. ४८ मध्ये समुद्रमार्गे ‘आयुता’हून आली अशी दंतकथा आहे. आयुता म्हणजे अयोध्या असं बरेच जण मानतात, अभ्यासकांचं एकमत नाही. सासरे आमच्या लग्नावरून अडून बसले होते. आजेसासूबाई म्हणाल्या, “भारतातली सून आपल्याकडे पहिलीच थोडी आहे?” विषय मिटला.

पूर्वी एकच आडनाव आणि एकच मूळ गाव असलेल्यांना लग्नाला कायद्याने बंदी होती. १९९७ मध्ये घटना न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरवली, २००५ मध्ये कायदा बदलला. आपल्याकडे सगोत्राची आडकाठी १९४६ च्या कायद्याने गेली, म्हणजे यात आपण पुढे. पण आमच्याकडे मामाची मुलगी करतात हे सांगितल्यावर सासूबाईंना घेरी यायचीच बाकी होती.

वऱ्हाडी पोट्टी
माझा मित्र सध्या सैन्यात, सक्तीचे १८ महिने. संध्याकाळी फोन मिळतो तेवढंच. एरवी काकाओटॉक या मेसेजच्या अ‍ॅपवर जेवलीस का, पोचलीस का, असं दिवसभर चालायचं. मेसेज वाचला की त्याच्या शेजारचा १ हा आकडा जातो, त्यामुळे वाचून गप्प बसलात तर भांडण ठरलेलं.

सुवॉनकर
वरचं सगळं गोड आहे, माझं तेवढं नाही. डेटिंग अ‍ॅपवर ‘भारत’ दिसलं की गप्पा थांबतात. पाश्चात्त्य गोऱ्या सहकाऱ्याचं तसं होत नाही. हे बोलायला लाजू नये. ओळखीतून गेलं की तीच माणसं वेगळी वागतात, हेही खरं. मी अ‍ॅप काढून टाकलं, आता रविवारी डोंगर चढणाऱ्या गटात जातो. तिथे पन्नाशीच्या काकू काकडी सोलून देतात आणि लग्न झालंय का, पगार किती, भाऊ किती, सगळं विचारून घेतात.