कवलापूरला विमानतळ हवाच का?

मिरजकर: १४ सप्टेंबर २०२३ आठवतोय? विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट, म्हणजे भाड्याचं छोटं विमान, मुंबईत भर पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरलं, दोन तुकडे झाले. आत ८ जण, सगळे वाचले. मुंबईत ही गत, आणि आपण सांगलीजवळ कवलापूरला विमानं उतरवणार? सापडायचं कुठं, उसाच्या फडात?

तासगाव नाका: उलटं बोलताय दादा. एसटी उलटली म्हणून कोणी स्टँड बंद करतं का? मुंबईत आग विझवायला बंब जागेवर होते. आपल्याकडं पण ठेवू की.

मिरजकर: ठेवू म्हणजे कोण? दिवसाला एखादं विमान येणार, त्यासाठी रात्रंदिवस बंब आणि माणसं? कराडला कोयना धरणाच्या कामावेळची पट्टी आहे, तिथून सांगलीला यायला कितीसा वेळ लागतो?

कृष्णाकाठ: दोघंही पट्टीवरच अडकलाय. त्या दिवशी मुंबईत ७०० मीटरपलीकडचं दिसत नव्हतं. ठरलेल्या उंचीपर्यंत पट्टी दिसली नाही तर पायलटनं विमान पुन्हा वर न्यायचं, घिरटी मारायची नाहीतर दुसरीकडं उतरायचं, हा नियम सगळ्यांनाच. पण भाड्याच्या विमानात पैसे मोजलेला माणूस पाठीमागंच बसलेला असतो, घड्याळ बघत. मुंबईत तसं झालं असं मी म्हणत नाही. पण छोट्या गावात पायलटला 'नको' म्हणायला बळ कोण देणार?

विश्रामबागच्या वहिनी: हे मात्र खरं. भाचीच्या लग्नाला पुण्याला निघालो, खंबाटकीत पुढची गाडी दिसेना इतकं धुकं. ड्रायव्हर थांबूया म्हणत होता. आमचे हे, "चल रे, मुहूर्त चुकेल." तो बिचारा चालला! मी घाट संपेस्तोवर डोळे मिटून. आणि तिथं निदान चाकं जमिनीवर होती.

तासगाव नाका: वहिनी, तुमच्या ह्यांचा दोष विमानतळावर कशाला घालताय? टॉवरवर, हवामान खात्यावर पैसे घाला एवढंच माझं म्हणणं. उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर जायला सव्वा-दीड तास जातो, माझे आजारी वडील पुढं मुंबईला न्यायचे झाले तर?

मिरजकर: वडलांसाठी म्हणाल तर ऐकतो. पण आधी कुंपण घाला. कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवरच मी स्कूटर शिकलोय. परवा गेलो तर भेगांतनं गुडघाभर गवत, आणि मधोमध शेळ्या बसलेल्या. हॉर्न दिला तरी उठेनात.