बारावीसाठी कोल्हापूर सोडून बेळगावला गेल्यास वैद्यकीय प्रवेशावर काय परिणाम होईल?

राजारामपुरीतील पालक
माझी मुलगी येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावी तिने कोल्हापूरातूनच केली. तिचे वडील शिरोलीतील एका खासगी फाउंड्रीत नोकरीला असून कंपनीने जूनपासून त्यांची बदली बेळगावच्या कारखान्यात केली आहे. दोन घरे चालवणे अवघड असल्यामुळे मुलीलाही तिकडे नेऊन पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे कर्नाटकातील बारावीला) प्रवेश घ्यावा, असे घरात ठरत आले आहे. तिला डॉक्टर व्हायचे आहे. ते न जमल्यास अभियांत्रिकी. अकरावीत तिला अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले आहेत. मध्येच महाविद्यालय बदलले तर हे गुण किंवा हा बदल पुढे प्रवेशाच्या आड येईल का?

निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्र
ताई, अकरावीच्या गुणांची काळजी करू नका. वैद्यकीय प्रवेशाची गुणवत्ता यादी ‘नीट’ या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते, आणि बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के व राखीव प्रवर्गाला 40 टक्के गुण असले की पात्रतेचा प्रश्न मिटतो. मला काळजी वाटते ती बारावी कर्नाटकातून होण्याची. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातील असतात आणि त्यांसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. संरक्षण दलातील व केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत. खासगी कंपनीतील बदलीला त्या लागू होत नाहीत. म्हणजे मुलगी उत्तम गुण मिळवूनही सीपीआर रुग्णालयाशी जोडलेल्या आपल्याच शासकीय महाविद्यालयात राज्याच्या कोट्यातून अर्ज करू शकणार नाही. तिला उरतील त्या अखिल भारतीय कोट्यातील 15 टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठे, ज्यांचे शुल्क नोकरदार कुटुंबाला झेपणारे नसते.

तिकडे गेल्यावर कर्नाटकाचा कोटा तरी मिळेल, असे कोणी सांगितल्यास त्यावरही विसंबू नका. तेथील सर्वसाधारण अट किमान 7 वर्षे कर्नाटकात शिकलेले असण्याची आहे. सीमाभागातील 865 गावांच्या मराठी भाषक रहिवाशांसाठी महाराष्ट्राने वेगळी तरतूद केली आहे खरी, परंतु नोकरीनिमित्त नुकतेच तिकडे गेलेले कुटुंब तिच्यात बसत नाही. अभियांत्रिकीचे नियम तुलनेने सैल आहेत; आई किंवा वडिलांचे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असले तरी तेथे मार्ग खुला राहतो.

बेळगावातील शिक्षिका
सरांनी सांगितलेला नियम योग्यच आहे. तरीही दुसरी बाजू मांडते. आमच्याकडे पीयूसीला विज्ञानासाठी एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेची पुस्तके असतात आणि नीटचे प्रश्न, विशेषतः जीवशास्त्राचे 90 प्रश्न, बहुतांशी त्याच पुस्तकांच्या ओळींवर बेतलेले असतात. शिवाय बारावीच्या वर्षी मुलगी आईवडिलांजवळ असणे ही काही लहान गोष्ट नव्हे. एकटे राहून खचलेली मुले मी वर्गात पाहिली आहेत. मात्र पुस्तकांचा लाभ कोल्हापुरात राहूनही घेता येतो, कारण ती सर्व एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

कळंब्याचा रहिवासी
वहिनी, खर्चाचा हिशेब उलट बाजूने मांडून पाहावा, अशी विनंती आहे. मुलीला घेऊन आपण येथेच राहिलात आणि दादांनी बेळगावात एखाद्या सहकाऱ्याबरोबर खोली घेतली, तर अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे असल्यामुळे त्यांना दर आठवड्याला घरी येता येईल. वर्षभराचे खोलीभाडे आणि एसटीचा खर्च धरला तरी तो खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या एका वर्षाच्या शुल्कापुढे फार थोडा आहे. सर्वांनाच जावे लागले, तर कोल्हापुरात वसतिगृहांची उणीव नाही. शाहू महाराजांनी 1901 साली पहिले मराठा बोर्डिंग सुरू केले, तेव्हापासून बाहेरगावच्या मुलांना राहण्याची सोय करणारे हे शहर आहे.

राजारामपुरीतील पालक
सर्वांचे मनापासून आभार. दहावी येथून झाली की पुरे, असाच आमचा समज होता. अडचण एवढीच, की शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी आम्ही गेल्या आठवड्यात अर्ज दिला आहे. दाखला अद्याप हाती आलेला नाही.

निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्र
मग उद्या सकाळीच कार्यालयात जाऊन तो अर्ज लेखी मागे घ्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. एकदा दाखला निघाला की पटावरून नाव कमी होते आणि बारावीला पुन्हा प्रवेश घेताना विभागीय मंडळाच्या मान्यतेपर्यंत कागद फिरवावे लागतात. मुलीची प्रयोगवहीही तपासून, सही घेऊन जपून ठेवण्यास सांगा. अधिवास प्रमाणपत्र काढलेले नसेल, तर त्याचा अर्ज याच सुट्टीत करा; निकालानंतर त्या खिडकीवर फार मोठी रांग लागते.