चार नगरसेवकांचा प्रभाग: नाशिकला हवा की नको?

गंगापूररोडकर
महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं की पाच वर्षं संपण्याआधीच निवडणूक पूर्ण व्हायला हवी. आपल्याकडे ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे खटले चालत राहिले. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे चाक हललं.

पण मला बोलायचंय ते प्रभागाबद्दल. १२२ जागा, ३१ प्रभाग, त्यातले २९ चार जणांचे आणि दोन तीन जणांचे. २०११ च्या जनगणनेची १४.८६ लाख लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात साधारण ४८ हजार माणसं येतात, आणि आज वस्ती किती वाढलीय ते सगळ्यांना दिसतंय. एवढ्या लोकांपर्यंत अपक्षाने, चळवळीतल्या कार्यकर्त्याने पोचायचं कसं? पॅनेल, चिन्ह आणि पैसा असेल तोच टिकतो. निवडून आल्यावर चौघांपैकी जबाबदार कोण, हेही कुणी सांगत नाही. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक चालतो, मग नाशिकनेच काय पाप केलंय?

सिडकोची ताई
दादा, आरक्षणाकडे बघा ना. निम्म्या जागा महिलांच्या. एकसदस्यीय पद्धतीत सोडतीत अख्खा वॉर्डच राखीव होतो आणि पुढच्या वेळी बदलतो. पाच वर्षं गल्लीबोळ पालथी घालणाऱ्या बाईचा वॉर्ड पुढच्या सोडतीत खुला झाला, की पक्ष तिला सांगतो, "आता थांबा." चारच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या असतातच. अ नाही तर ब, पण तिला तिच्याच भागात उभं राहता येतं. माझ्या लेखी हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे.

पंचवटीतला मतदार
ताईंशी सहमत, आणि वर माझं एक. एकाच माणसाच्या हातात वॉर्ड गेला की तो वॉर्डाचा मालक होतो. ज्या गल्लीने मत दिलं नाही तिथला दिवा लागत नाही. चौघे असले की एकाने टाळलं तर दुसऱ्याचं दार वाजवता येतं.

जेलरोडवरून
वाजवून बघा. आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं की पहिला म्हणतो, हा भाग अमक्याकडे आहे. अमका म्हणतो, निधी तमक्याने घेतला. चौघांनी आपसात प्रभाग वाटून घेतलेला असतो, पण ती वाटणी कुठल्याच कागदावर नसते. आणि चौघे एकाच पक्षाचे असले तर दुसरं दार कुठलं राहिलं? सोबत मतदान केंद्रावरचं दृश्य आठवा. एकाला चार बटणं दाबायची. आमच्या सासूबाईंसारखी माणसं एक दाबून निघायला लागतात, मग अधिकारी परत बोलावतात. तीन उमेदवारांची नावंही ठाऊक नसतात, म्हणून चिन्ह बघून चारही मतं एकीकडे. नको असलेला माणूस असाच बाकीच्यांच्या आधाराने सभागृहात पोचतो.

सातपूरचा कामगार
तुम्ही सगळे आकड्यात अडकलात. २००७ ला एक होता, २०१२ ला दोन, २०१७ ला चार, २०२२ साठी तीनची रचना कागदावर तयार झाली आणि पुन्हा चार. मुंबईत बसलेलं सरकार आपल्या सोयीने कायदा बदलतं. नाशिककराला कुणी विचारलं का? खरी चीड याची यायला हवी. २०१८ मध्ये आयुक्तांनी घरपट्टी आणि मोकळ्या जमिनींवरचा कर वाढवला तेव्हा महासभेत नगरसेवकांनी जोरदार विरोध केला. २०२५ च्या शेवटी कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय आला, तेव्हा महासभाच नव्हती. लोकांना रस्त्यावर यावं लागलं. सभागृह वेळेवर बसणं महत्त्वाचं, मग प्रभाग एकचा असो की चारचा.

गंगापूररोडकर
कामगारदादा, वेळेवर निवडणूक हवीच, त्यात दुमत नाही. पण तपोवनाचंच घ्या. सभागृह असतं तरी त्या भागातल्या चौघांपैकी कुणाला जाब विचारला असता? चौघांनीही पक्षाकडे बोट दाखवलं असतं. एकच नगरसेवक असेल तर त्याचं मत महासभेच्या इतिवृत्तात शोधता येतं आणि पुढच्या निवडणुकीत त्याच्यासमोर ठेवता येतं.

ताई, सोडतीचा मुद्दा खरा आहे. पण त्यावर औषध आरक्षणातच आहे. एकदा सोडत निघाली की वॉर्डाचं आरक्षण सलग दोन निवडणुका कायम ठेवा. काम करणाऱ्या बाईला दुसरी संधी मिळेल, आणि वॉर्डही लहान राहील.

सिडकोची ताई
म्हणजे शेजारच्या खुल्या वॉर्डातल्या बाईने दहा वर्षं वाट बघायची? खुल्या जागेवर बाईला तिकीट देणारे पक्ष मला दाखवा, मग बोलू. मोठ्या प्रभागात अपक्षाला फिरणं जड जातं हे मान्य. त्यासाठी दोन जणांचा प्रभाग करा, एक जागा महिलेची, एक खुली. २०१२ मध्ये आपल्याकडे दोनचे प्रभाग होतेच. त्यापेक्षा लहान करायला माझा विरोध आहे आणि राहील.