मदत हवी आहे: 'टीप लिहा' आणि 'सकारण स्पष्ट करा' यांत नेमका फरक काय?

माझी भाची यंदा दहावीला आहे. मराठी माध्यम, राज्य मंडळ. ताई-भावजी दिवसभर दुकानात, त्यामुळे अभ्यास घ्यायचं काम मामाकडे आलंय. पोरगी कच्ची नाही, धडे जवळपास पाठ आहेत. पण चाचणीचे पेपर घरी आले की ३ पैकी १, २ पैकी अर्धा, आणि शेजारी लाल शाईत शेरा: "प्रश्न नीट वाचा." ती म्हणते, "मामा, वाचला होता रे!"

काल पेपर पुढ्यात घेऊन बसलो. राज्यशास्त्रात 'विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' असा प्रश्न. विधान होतं, माहिती अधिकारामुळे शासनाच्या कारभारातील गोपनीयता वाढली आहे. हिने पाऊण पान भरलंय. कायदा २००५ चा, अर्जाची फी १० रुपये, ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. सगळं खरं. फक्त 'हे विधान चूक आहे' हे चार शब्द कुठेच नाहीत!

भूगोलात गंगा आणि ॲमेझॉन खोऱ्यांतला फरक विचारलाय. हिने आधी गंगेवर एक परिच्छेद लिहिला, मग ॲमेझॉनवर एक. बीजगणितात तर कहर. समीकरण होतं एक्स वर्ग अधिक ४ एक्स वजा ५ बरोबर ०. एक्सच्या १ आणि वजा १ या किमती दिल्या होत्या आणि त्या मुळे आहेत का ते ठरवायचं होतं. बाईसाहेबांनी अवयव पाडून १ आणि वजा ५ ही मुळे काढली, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या गणितावर गेल्या.

आमच्या वेळी 'कारणे द्या', 'टीपा लिहा', 'कोण कोणास म्हणाले' एवढ्यावर भागायचं, आणि तेव्हाही कुणी फोड करून सांगितलं नव्हतंच. आता तिने विचारलं, "स्पष्ट करा आणि सकारण स्पष्ट करा, यात वेगळं काय लिहू?" मला सांगता येईना. म्हटलं, जरा जास्त लिहीत जा. कुणी शिक्षक असतील तर कृपया समजावून सांगा.

प्रतिसाद १

मामा, तो 'जास्त लिही' आधी मागे घ्या. :) मी बरीच वर्षं इतिहास-भूगोल शिकवते. पाठांतर चांगलं असलेल्या मुलांचाच हा घोटाळा होतो. प्रश्नात 'माहिती अधिकार' दिसला की त्यावरचं असेल-नसेल ते सगळं कागदावर ओततात, आणि प्रश्नाचं क्रियापद तसंच राहून जातं.

टीपेत बाजू घ्यायची नसते. विषय काय आहे ते एका वाक्यात, मग दोन-तीन ठळक मुद्दे, झालं. 'संकल्पना स्पष्ट करा' असेल तर अर्थ स्वतःच्या शब्दांत आणि एखादं उदाहरण. 'सकारण'मध्ये मात्र आधी निकाल द्यायचा आणि मग त्याची कारणं. तिथे प्रत्येक वाक्याला कामाला लावावं लागतं. मी वर्गात एक खेळ घेते. आपलं वाक्य 'कारण' या शब्दापुढे ठेवून मोठ्याने वाचायचं. 'गोपनीयता कमी झाली, कारण अर्जाची फी १० रुपये आहे.' मुलं हसतात. 'गोपनीयता कमी झाली, कारण नागरिकांना सरकारी कागदपत्रं मागता येतात आणि कार्यालयांनाही बरीच माहिती आपणहून जाहीर करावी लागते.' हे बसलं. १० रुपये खोटे नाहीत, पण ते टीपेत शोभतील.

भौगोलिक कारणांना साखळी लागते. हिमालयाच्या उंच भागात वनस्पती विरळ का? 'थंडी असते म्हणून' ही एकच कडी झाली. उंची वाढते तसं तापमान घटतं, वर बर्फ असतो, मग वनस्पतींची वाढ होत नाही, असं एकातून एक निघालं पाहिजे.

आणि फरक म्हणजे दोन निबंध नव्हेत. मधोमध रेघ मारायला लावा. डावीकडे 'गंगा बंगालच्या उपसागराला मिळते' लिहिलं तर त्याच ओळीत उजवीकडे 'ॲमेझॉन अटलांटिक महासागराला मिळते'. डावीकडे दाट लोकवस्ती, तर उजवीकडे विरळ. समोर जोडीदार नसलेला मुद्दा फरकात धरता येत नाही. 'तुलना करा' असेल तर साम्यही हवं.

प्रतिसाद २

गणिताचं मी सांगतो. 'सोडवा' म्हणजे उत्तर तुम्ही शोधायचं. 'ठरवा' म्हणजे उत्तराचा उमेदवार दिलेला आहे, त्याची फक्त परीक्षा घ्यायची. १ ठेवला तर ० येतो, म्हणून ते मूळ आहे. वजा १ ठेवला तर वजा ८ येतो, म्हणून नाही. दोन ओळींचं काम. 'पडताळा घ्या'लाही किंमत ठेवून दोन्ही बाजू तपासायच्या. 'सिद्ध करा'ला मात्र हे चालत नाही. तिथे पक्ष, साध्य, सिद्धता, आणि प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण. जे सिद्ध करायचंय तेच धरून सुरुवात करणारी मुलं दरवर्षी भेटतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज 'कारण'चा खेळ खेळलो. तिच्याच पाऊण पानातली दोनच वाक्यं टिकली. आधी फुरंगटली, मग स्वतःच पेन्सिलीने बाकीची खोडत बसली.

एक राहिलं. मराठीच्या कवितेत 'रसग्रहण'ला तिने ओळींचा सरळ अर्थ लिहिलाय. तेही चुकलं का? आणि 'थोडक्यात' म्हणजे किती ओळी?

प्रतिसाद १

अर्थ हा रसग्रहणाचा एक भाग झाला. आशयाबरोबर काव्यसौंदर्य आणि भाषेची वैशिष्ट्यंही हवीत. कवीने कोणती प्रतिमा वापरली, कुठला शब्द कानाला का गोड लागतो, असं काहीतरी. 'थोडक्यात'च्या ओळी मोजू नका, शेजारचे गुण बघा. २ गुण असतील तर दोन स्वच्छ मुद्दे, चार-पाच ओळींत. आणि तिला सांगा, प्रश्नपत्रिका हातात आली की आधी क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारायची. प्रश्नपत्रिकेवर हं, उत्तरपत्रिकेवर नको.