काचपेटी कशी झालीये सांगा (फॅमिली ग्रुप)

बंड्या: झाली तयार!!! दोन दिवस खपलोय हिच्यामागे. फोटो टाकलाय, सगळ्यांनी बघा. उद्या पाहुणा येणार

मामी: मस्त दिसतीये रे. मासे कधी सोडणार

बंड्या: मामी मासे नाहीत. बॉल पायथन. ८ महिन्यांचं पिल्लू आहे

मामी: म्हणजे काय

दादा: अजगर

मामी: बंड्या मी आता तुझ्या खोलीत पाऊल ठेवत नाही

ताई: बंड्या, दिसायला झकास झालीये, खोटं नाही बोलत. पण ही तू बघणाऱ्यांसाठी केलीयेस, राहणाऱ्यासाठी नाही. चारी बाजूंनी काच, वरती नुसती जाळी, मधे एक फांदी आणि ते अर्धं लाकूड, ते पण दोन्हीकडून उघडं. त्याने लपायचं कुठे?

बंड्या: अगं पण लपला तर दिसणार कसा, मग पाळायचा कशाला

ताई: मी पण हेच म्हणाले होते ९ वर्षांपूर्वी, माझा आणला तेव्हा. अरे हे मूळचे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले, घाना, टोगो, बेनिन तो सगळा पट्टा, गवताळ माळरान, आणि दिवसभर हे असतात कुठे तर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात, रात्र झाली की बाहेर. त्याचं घर म्हणजे ते बीळ, तुझी पेटी म्हणजे नुसतं अंगण. आणि गंमत बघ, ज्याला लपायला धड जागा असते ना तोच संध्याकाळी निवांत बाहेर येऊन हिंडतो, ज्याला नसते तो कोपऱ्यात गोळा होऊन पडतो नाहीतर रात्रभर काचेवर नाक घासत बसतो, खात पण नाही

आजोबा: गोळा होतो म्हणून बॉल म्हणतात काय?

ताई: हो आजोबा, बरोबर ओळखलंत. घाबरला की डोकं मधे घालून घट्ट वेटोळं करतो, चेंडूच होतो अगदी. चावणं वगैरे फार पुढची गोष्ट, आधी हेच

मामा: मी एका व्हिडिओत ऐकलं की मोठ्या जागेत त्यांना टेन्शन येतं म्हणून छोट्या डब्यातच ठेवतात

ताई: मामा ते अर्धंच खरं आहे. टेन्शन मोठ्या जागेचं नसतं, मोकळ्या जागेचं असतं. मोठी पेटी घे आणि खच्चून भर, काही होत नाही त्याला. पूर्ण वाढले की साधारण ९० ते १५० सेंमी होतात, मादी नरापेक्षा मोठी, आणि अंग सरळ ताणता आलं पाहिजे. म्हणून मोठ्यासाठी १२० बाय ६० बाय ६० सेंमी तरी हवी. बंड्याची ९० ची दिसतीये, आत्ता पुरेल, पुढे बदलावी लागेल

बंड्या: अजून एक घ्यायची?? आधी सांगायचं ना

दादा: विचारलं होतंस का कोणाला

ताई: असू दे. आता काय करायचं ते सांगते. लपायला दोन जागा कर, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, आणि दोन्ही शक्यतो सारख्या. का ते नीट वाच, कारण लोक एकच ठेवतात. एकच असेल तर त्याला निवडावं लागतं, ऊब हवी का आडोसा हवा. तो आडोसा निवडतो. आणि तो आडोसा थंड बाजूला असेल तर गारठत बसतो, खाल्लेलं पचत नाही, मग आपण म्हणतो आजारी पडला. जागा ऐसपैस नको, वेटोळं घालून बसला की बाजू अंगाला आणि छत पाठीला टेकलं पाहिजे, आणि आत जायला भोक एकच. महागाचं काही आणू नको, प्लॅस्टिकचा डबा पालथा घालून एक दार काप आणि कडा घासून घे, झालं. बाकी मधल्या भागात खोटी पानं, साल, फांद्या, इतकं टाक की इकडून तिकडे उघड्यावर न येता जाता आलं पाहिजे. मागची आणि दोन्ही बाजूंची काच बाहेरून कागद लावून बंद कर

मामी: म्हणजे अडगळीची खोली

ताई: अगदी तशीच

ताई: गरम कशाने करणारेस?

बंड्या: खाली हीट मॅट आणि वर लाल बल्ब. दुकानदार म्हणाला रात्री लाल लावा त्यांना दिसत नाही

ताई: दिसतं त्यांना. लाल पण नको निळा पण नको. साधा उजेड १२ तास, मग पूर्ण अंधार. रात्री ऊब लागली तर सिरॅमिक हीटर मिळतो, त्याला उजेड नसतो, पण त्याला जाळीचं पिंजरं हवंच नाहीतर हा त्याला विळखा घालून बसेल आणि भाजेल. थर्मोस्टॅट कुठला आहे, म्हणजे ऊब ठरल्या आकड्यावर आपोआप धरून ठेवणारं यंत्र?

बंड्या: थर्मोस्टॅट नाहीये. मॅट कमीजास्त करायचं बटण आहे

ताई: बंड्या आत्ताच्या आत्ता प्लग काढ. हे एक मी हात जोडून सांगते. पहिल्या वर्षी मी मॅट तशीच लावली होती, हाताला कोमट लागायची म्हणून. एक दिवस त्याला उचलला तर पोटाखालचे खवले लाल. पोटाला चटका बसत असतो तरी हे प्राणी उठून जातील याची खात्री नसते, तिथेच पडून राहतात. डॉक्टर, मलम, दोन कात टाकेपर्यंत डाग होते. बटणाने तापमान धरलं जात नाही, खोली तापली की मॅट पण तापते. थर्मोस्टॅट घे आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, मॅटवरच चिकटव, हवेत लटकवू नको

बंड्या: काढला. किती ठेवायचं?

ताई: गरम बाजूच्या डब्यात ३१-३२, वरून ऊब देणार असशील तर बरोब्बर खालची जागा ३५ पर्यंत चालेल. थंड बाजू २४ ते २७. रात्री थोडं उतरलं तर हरकत नाही, २२ च्या खाली नको

दादा: मला पण असं घर पाहिजे एका बाजूला ३२ एका बाजूला २५ आणि ज्याला जसं पाहिजे तसं त्याने सरकावं. आमच्याकडे एसीच्या रिमोटवरून रोज महाभारत

मामा: 😂😂

ताई: आणि ते काट्याचं गोल मीटर चिकटवलंयस ते काढून टाक, शोभेचं आहे. डिजिटल घे, दोन, दोन्ही टोकांना. ओलावा पण दाखवणारे

आजोबा: ओलावा कशाला? माळरानावरचा प्राणी म्हणालीस ना?

ताई: आजोबा प्रश्न फार चांगला विचारलात, माळ कोरडा पण बीळ दमट. जमिनीखाली ओल टिकते. म्हणून पेटीत साधारण ५५ ते ७० टक्के लागतो, कात टाकायच्या वेळी जरा जास्त. डोळे निळसर दुधाळ झाले की समजायचं कात येतीये. कोरडं पडलं की कात अखंड मोज्यासारखी न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला अडकते, डोळ्यावरची पापुद्री पण राहून जाते. ती नखाने काढायची नसते, सांगून ठेवते

बंड्या: मग रोज स्प्रे मारू ना पाण्याचा?

ताई: तासाभरात उडून जातं ते, तुझ्या वरच्या जाळीतून सगळी वाफ बाहेर. जाळीचा बराचसा भाग झाकून टाक, हवेपुरती फट ठेव. खाली तू ते हिरवं गालिच्यासारखं टाकलंयस ते काढ, नारळाच्या सोडणाचे तुकडे नाहीतर त्याचाच भुसा ८-१० सेंमी जाड टाक, आणि पाणी कोपऱ्यातून ओत म्हणजे खालचा थर ओला राहील आणि वरचा कोरडा. वरचा ओला राहिला तर पोटाचे खवले सडतात. आणि ओलं आणि थंड दोन्ही एकदम झालं तर छाती धरते, तोंड उघडं ठेवून श्वास, शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडात बुडबुडे, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ डॉक्टर. पाइन आणि देवदाराचा भुसा नको, वासाचं तेल असतं त्यात. पाण्याचं भांडं जड घे, हा उलथवतो

मामी: सगळं ठीक आहे पण बाहेर आला तर??

ताई: येतोच मामी. माझा आला होता. सरकती काच, कुलूप नव्हतं, मला वाटलं याला हात कुठेत. नाकाने ढकलून बोटभर फट केली आणि गेला. चौथ्या दिवशी वॉशिंग मशीनच्या मागे सापडला, मोटरजवळ उबेला. तेव्हापासून काचेला कुलूप

मामी: बंड्या कुलूप. दोन कुलपं

ताई: आणि बंड्या उद्या आणू नको. पेटी आधी रिकामी चालव चार-पाच दिवस, आकडे लिहून ठेव सकाळ-संध्याकाळ. एकदा तो आत आला की मग थर्मोस्टॅटशी खेळत बसणं बरं नाही. आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही, मग खायला द्यायचं, फ्रोजन उंदीर नीट वितळवून कोमट करून, त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. खाल्ल्यावर ४८ तास उचलायचा नाही

बंड्या: उद्या मित्र येणारेत बघायला 😭

ताई: मित्रांना पेटी दाखव. तुला घाई कसली, हे २०-३० वर्षं सहज जगतात

दादा: अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातली मादी तर ६० च्या पुढची होती, २०२० मध्ये बातमी होती, १५ वर्षांहून जास्त नराचं तोंड न बघता ७ अंडी घातली तिने

मामी: १५ वर्षं नवरा नाही म्हणूनच एवढी जगली असेल

मामा: मी इथेच आहे

ताई: 😂 बंड्या कागदपत्रं पण बघून घे, साइट्स (CITES) म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्याच्या परिशिष्ट २ मधला प्राणी आहे, शिवाय तू राहतोस तिथली नोंदणी काय लागते ती. पावतीशिवाय घेऊ नको

(दोन आठवड्यांनी)

बंड्या: आला!!! हा फोटो. गरम ३१.८ थंड २५.४ ओलावा ६३

आजोबा: वा. साप कुठे आहे?

बंड्या: डावीकडच्या डब्यात. बहुतेक. तीन दिवस दिसलाच नाही, रात्री पाण्याच्या भांड्यापाशी माग दिसतो नुसता

ताई: छान चाललंय. डबा उचलून बघू नको

बंड्या: एकदाच बघितलं

ताई: बंड्या!!

मामी: कुलूप लावलंस ना परत?