मदत हवी: नवेगावबांधच्या तारेवरची तांबड्या पोटाची भिंगरी कोणती?

नमस्कार मंडळी. मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. धानाचा चुरणा (मळणी) आटोपला की सकाळी तलावाच्या पाळीवर चक्कर मारतो, तेवढंच माझं पक्षीनिरीक्षण.

सध्या पाण्याकडेच्या विजेच्या तारेवर भिंगऱ्यांची (स्वॅलो पक्ष्यांची) रांग लागते. गावात सगळ्यांनाच पाकोळ्या म्हणतात, आणि वीसेक ग्रॅमच्या जिवात एवढं काय बघायचं, असंही. रविवारी तीस-बत्तीस होत्या, बहुतेक माळभिंगऱ्या: कपाळ-गळा विटकरी, खाली काळा पट्टा, पोट पांढरट. एक मात्र गळ्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत तांबडी. छातीवरचा पट्टा मध्येच तुटलेला, दोन्ही बाजूंना फक्त खुणा. उडाली तेव्हा पंखाची आतली बाजूही तांबूस वाटली, पण ते फोटोत आलं नाही.

तारवाली भिंगरी नाही, तिचा गळा पांढरा आणि टोपी तांबडी. लालबुडी म्हणावी तर कंबर तांबूस हवी, पोटावर रेघा हव्यात, शेपटीखालचा भाग शाईत बुडवल्यासारखा काळा हवा. हिची पाठ शेपटीपर्यंत निळी-काळी, पोटावर एक रेघ नाही. पुलांखाली मातीच्या घरट्यांची वसाहत करणारी रेघाळ गळ्याची भिंगरी अंगानं लहान, शेपटी जवळजवळ सपाट. हिची शेपटी खोल दुभंगलेली, पसरली की पांढरे ठिपके दिसतात. म्हणजे माळभिंगरीच. इथवर मला शंका नाही.

प्रश्न पोटजातीचा आहे. सैबेरिया-मंगोलियाकडे घरटी करणारी टायटलरची माळभिंगरी अशी खालून पूर्ण तांबडी असते. पण ती हिवाळ्यात मुख्यतः ईशान्य भारत आणि आग्नेय आशियाकडे उतरते. मग आमच्या मालगुजारी (जुन्या जमीनदारी काळातल्या) तलावावर कशी?

उन्हाचा खेळ असेल असंही वाटलं. पहिला फोटो सव्वासातचा, त्या उन्हात बगळासुद्धा पिवळा दिसतो. पण दुसरा साडेनऊचा आहे, त्यात शेजारचीचं पोट पांढरं आणि हिचं तांबडंच. घरट्याच्या चिखलाचा डाग म्हणावा तर घरटं बांधायला ती इथे थांबतच नाही, उन्हाळ्याआधी निघून जाते.

जाणकारांनी एवढंच सांगा: इतर पोटजातींत पोट इतकं गडद होतं का? आणि विदर्भात कुणी अशी पाहिली आहे का? ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) टायटलर म्हणून टाकू की नुसती माळभिंगरी? उगाच चुकीची नोंद नको.

भर: शेपटीच्या तारा (कडेची लांब पिसं) किती लांब होत्या असं एकानं विचारलं. टोकं शेजारणीएवढीच लांब, पण उजवं तुटलेलं दिसतं. दुसरा फोटो मोठा करून पुन्हा टाकलाय, त्यात शेपटीखालचा रंग बघा. उद्या सहालाच पाळीवर जातो, आणखी काय टिपायचं ते आज रात्रीच लिहा.